राखणीच्या कुत्र्याच्या पिल्लाचा संतुलित आहार

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील बरीचशी शेती डोंगरउताराची आणि जंगलाला लागून असलेली आहे. मध्य रेल्वेच्या मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्या दरम्यान उंबरमाळीचा परिसर लागतो. येथे खरिपात खाचरात भात, वरकस जमिनीवर नाचणी व वरई आणि भात निघाल्यावर ओलाव्यावर वाल, हरभरा अशी पिके घेतली जातात. पाण्याची सोय असेल तेथे भेंडी, काकडीचे मळेही दिसतात. दाणा भरू लागला की रानडुकरांचा आणि वानरांचा उपद्रव सुरू होतो. त्या दिवसांत शेतकऱ्याच्या जोडीने रात्रभर जागणारा राखणदार म्हणजे कुत्रा. खळ्यावरचे धान्य, गोठ्यातील करडे आणि खुराड्यातील कोंबड्या यांची राखणही तोच करतो.

असे असले तरी या राखणदाराच्या आहाराकडे फारसे लक्ष दिले जात नाही. बैलाला पेंड किती, दुभत्या म्हशीला खुराक किती, याचा हिशेब प्रत्येक घरी असतो. पिल्लाच्या वाट्याला मात्र उरलेला भात, पेज आणि कालवणाचे पाणी येते. पिल्लू पोटभर खाते, त्याचे पोट टम्म दिसते, आणि तरीही चार-पाच महिन्यांचे होईपर्यंत त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात, पंजे पसरतात, पाठ खाली जाते. असे पिल्लू डुकराच्या मागे धावू शकत नाही. वाकलेले हाड पुढे पुरते सरळ होत नाही, म्हणून हे नुकसान जन्माचे असते. विस्तार कार्याच्या निमित्ताने वाड्या-पाड्यांवर जाणे होते तेव्हा "ही जातच हलकी" किंवा "पिल्लाला वारा लागला" अशी कारणे ऐकायला मिळतात. खरे कारण बहुतेक वेळा त्याच्या ताटलीत असते.

पोट भरणे आणि पोसणे

भाताला नुसते नत्र देत राहिले तर काय होते हे आपणास माहीत आहे. पीक हिरवेगार दिसते, पण स्फुरद-पालाश कमी पडल्याने ते लोळते आणि दाणा पोचट राहतो. पिल्लाचेही तसेच आहे. भातातून त्याला ऊर्जा मिळते, परंतु शरीर बांधण्यासाठी लागणारी प्रथिने आणि हाडांसाठी लागणारे कॅल्शियम मिळत नाही.

वाढत्या पिल्लाच्या आहारात, पाण्याचा अंश सोडून कोरड्या वजनावर, साधारण २२ ते २५ टक्के प्रथिने, किमान ८ टक्के स्निग्ध पदार्थ आणि सुमारे १ ते १.२ टक्के कॅल्शियम असावे लागते. आता आपल्या घरातील धान्याकडे पाहू. सडलेल्या तांदळात दर १०० ग्रॅममध्ये प्रथिने सुमारे ७ ग्रॅम आणि कॅल्शियम फक्त १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे नुसत्या भातावर वाढणाऱ्या पिल्लाला प्रथिने गरजेच्या एक तृतीयांश मिळतात, आणि कॅल्शियम तर गरजेच्या शंभराव्या हिश्श्याइतकेच मिळते. नाचणीत प्रथिने तांदळाइतकीच असली तरी कॅल्शियम दर १०० ग्रॅममध्ये सुमारे ३४० मिलिग्रॅम असते. तांदळापेक्षा हे तीस पटींहून अधिक आहे. नाचणीने कॅल्शियमची गरज पुरी भागत नाही, पण पाया चांगला होतो.

पाय का वाकतात?

कॅल्शियम आणि फॉस्फरस ही दोन खनिजे हाडात एकत्र नांदतात. आहारात फॉस्फरस एक भाग असेल तर कॅल्शियम सव्वा ते दीड भाग असावे. तांदळात हे प्रमाण उलटे आहे: कॅल्शियम १० मिलिग्रॅम, तर फॉस्फरस सुमारे १६० मिलिग्रॅम. हाडाशिवाय नुसते मांस घातले तरी तीच गत होते, कारण मांसातही फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम नाममात्र असते.

हृदय आणि स्नायू चालण्यासाठी रक्तातील कॅल्शियम ठरावीक पातळीवर राहणे आवश्यक असते. आहारातून ते आले नाही तर शरीर ते हाडांतून काढून घेते. बियाण्यासाठी राखलेले धान्य आषाढात खाण्याची वेळ यावी तसाच हा प्रकार आहे. हाड बाहेरून दिसते, पण आतून पोकळ व मऊ होत जाते आणि वाढत्या वजनाने वाकते. काही पिल्लांचे हाड साध्या उडीनेही मोडते.

यासंबंधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. "पिल्लाला उन्हात बांधा, हाडे घट्ट होतील" असे सांगितले जाते. माणसाच्या कातडीत उन्हामुळे 'ड' जीवनसत्त्व तयार होते हे खरे आहे. कुत्र्याच्या कातडीत मात्र ते पुरेसे तयार होत नाही. त्याला ते अन्नातूनच, म्हणजे अंड्याचा बलक, मासळी आणि काळीज यांतूनच मिळावे लागते. म्हणून ऊन देण्यापेक्षा अंडे देणे महत्त्वाचे आहे.

जन्मापासून दोन महिन्यांपर्यंत

पहिल्या दिवसाचा चीक प्रत्येक पिल्लाच्या पोटात गेलाच पाहिजे. रोगप्रतिकारक शक्ती त्यातूनच मिळते. पहिले तीन आठवडे आईचे दूध हाच पूर्ण आहार असतो, म्हणून या काळात कुत्रीला नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट खाऊ घालावे. कुत्री खंगली तर पिल्लेही खंगतात.

कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिने आणि स्निग्धांश सुमारे दुपटीने असतात, तर दुग्धशर्करा कमी असते. त्यामुळे आई नसलेल्या पिल्लाला गाईचे दूध पाणी घालून देणे चुकीचे आहे. अशा दुधाने पोषण होत नाही, उलट हगवण लागते. तातडीची गरज म्हणून पाणी न घालता कोमट दुधात अंड्याचा बलक फेटून, थोडे थोडे, दर तीन-चार तासांनी पाजावे आणि पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. पिल्लू पालथेच ठेवून पाजावे. उताणे धरून पाजल्यास दूध फुप्फुसात जाते.

तीन ते चार आठवड्यांनी नाचणीचे पातळ सत्त्व, त्यात कुस्करलेले उकडलेले अंडे, असे पसरट ताटलीत चाटायला द्यावे. सहा ते आठ आठवड्यांत पिल्लू हळूहळू दुधावरून अन्नावर येते. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये. "लहान आणले की लळा लागतो" म्हणून महिन्याचे पिल्लू आणणे टाळावे.

घरच्या घरी बनणारा आहार

खालील प्रमाण तीन महिन्यांच्या, सुमारे ५ किलो वजनाच्या, म्हणजे मोठेपणी १५ ते १६ किलो होणाऱ्या गावठी पिल्लासाठी एका दिवसाचे आहे. सर्व वजने कच्च्या जिन्नसांची आहेत.

१. नाचणीचे पीठ – ६० ग्रॅम
२. तांदूळ किंवा कण्या – ४० ग्रॅम
३. मूग किंवा तुरीची डाळ – २५ ग्रॅम
४. सुका जवळा – २० ग्रॅम
५. उकडलेले अंडे – १
६. दूध – १०० मिलिलिटर
७. गोडे तेल – १ चहाचा चमचा
८. अंड्याच्या टरफलाची पूड – अर्धा चहाचा चमचा, सपाट

यातून अंदाजे ६५० ते ७०० कॅलरी आणि सुमारे ३५ ग्रॅम प्रथिने मिळतात. कोरड्या वजनावर प्रथिनांचे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास येते. यातील धान्य, कडधान्य, अंडे आणि दूध हे बहुतेक घरचेच असते. आठवडी बाजारातून आणावा लागतो तो जवळा.

करण्याची रीत सोपी आहे. जवळा निवडून पंधरा मिनिटे पाण्यात भिजवावा आणि दोन पाण्यांनी धुवावा, म्हणजे रेती आणि खारटपणा निघून जातो. तांदूळ, डाळ आणि जवळा एकत्र गुरगुट्या शिजवावे. नाचणीचे पीठ पाण्यात कालवून त्यात सोडावे आणि दहा मिनिटे रटरटू द्यावे. कच्चे पीठ पिल्लाला पचत नाही. उतरवल्यावर तेल, कुस्करलेले अंडे आणि टरफलाची पूड मिसळावी. कोमट झाल्यावर घट्टसर द्यावे. तिखट, मीठ, मसाला घालू नये. दूध वेगळे द्यावे. हगवण लागत असल्यास दुधाऐवजी ताजे ताक किंवा दही द्यावे.

नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून घेतल्यास अधिक चांगले. नाचणीतील काही द्रव्ये कॅल्शियमला बांधून ठेवतात. मोड आल्यावर किंवा आंबवल्यावर ही पकड सैल होते. तान्ह्या मुलासाठी आपण सत्त्व करतो किंवा आंबील करतो, त्यामागेही हाच फायदा आहे.

टरफलाची पूड कशी करावी?

अंड्याच्या टरफलात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते. टरफले धुऊन दहा मिनिटे उकळावीत, उन्हात कडकडीत वाळवावीत, तव्यावर थोडी परतून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये बारीक करावीत आणि फडक्यातून गाळून घ्यावीत. एका चहाच्या सपाट चमच्यात साधारण २ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या चमच्यात सुमारे १ ग्रॅम कॅल्शियम येते. पूड कोरड्या बरणीत महिनाभर टिकते.

येथे हात सैल सोडू नये. भातावर युरिया जास्त पडला तर पीक जळते, तसे जास्तीचे कॅल्शियमही हानिकारक आहे. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचे कॅल्शियम अडवता येत नाही, आणि मोठ्या चणीच्या पिल्लांत त्यामुळे सांध्यांची वाढ बिघडते. ज्या पिल्लाला बाजारातील तयार खाद्य पूर्णपणे दिले जाते, त्याला वेगळे कॅल्शियम देऊ नये. गाई-म्हशींचे खनिज मिश्रणही पिल्लाला घालू नये. ते त्यांच्या गरजेप्रमाणे केलेले असते.

जिन्नसांची अदलाबदल

जवळा नसेल तर दोन अंडी जास्त द्यावीत, किंवा ६० ते ७० ग्रॅम उकडलेली कोंबडी, अगर काटे काढलेली मासळी द्यावी. आठवड्यातून एक-दोन वेळा ३० ते ४० ग्रॅम शिजवलेले काळीज द्यावे. त्यातून 'अ' जीवनसत्त्व, लोह आणि तांबे मिळते. रोज मात्र देऊ नये, कारण 'अ' जीवनसत्त्वाचा अतिरेकही बाधतो. माळकरी घरात मांस-मासळी शिजत नसेल तर अंडे चालते का ते पाहावे. तेही चालत नसेल तर डाळीचे प्रमाण दुप्पट करून शिजवलेले सोयाबीन, दही आणि पनीर यांवर भर द्यावा. अशा पिल्लाला 'ड' जीवनसत्त्व बाहेरून द्यावे लागते. ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

किती आणि किती वेळा?

पिल्लाचे पोट लहान आणि भूक मोठी असते. एकदम पोटभर घालण्यापेक्षा, नत्राचे हप्ते पाडतो तसे आहाराचे हप्ते पाडावेत.

दोन ते तीन महिने – दिवसातून ४ वेळा
तीन ते सहा महिने – दिवसातून ३ वेळा
सहा महिन्यांनंतर – दिवसातून २ वेळा

वर दिलेल्या प्रमाणाच्या दोन तृतीयांश आहार दोन महिन्यांच्या, ३ किलोच्या पिल्लाला पुरतो. पाच ते आठ महिन्यांच्या, ८ ते १२ किलोच्या पिल्लाला सव्वापट लागतो. वजन दुप्पट झाले म्हणून अन्न दुप्पट करावे लागत नाही, कारण वय वाढते तशी दर किलोमागची गरज कमी होत जाते.

खरा न्याय काटा करतो. पिल्लू कापडी पिशवीत घालून ताणकाट्याला अडकवावे आणि दर आठवड्याला त्याच वारी वजन लिहून ठेवावे. पहिल्या पाच महिन्यांत, मोठेपणीच्या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे रोज २ ते ४ ग्रॅम वाढ व्हावी, असा ढोबळ नियम आहे. १६ किलो होणाऱ्या पिल्लाची वाढ आठवड्याला साधारण २२५ ते ४५० ग्रॅम व्हावी. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. सलग दोन आठवडे वजन वाढले नाही तर आहार, जंत किंवा आजार यांपैकी काहीतरी चुकते आहे असे समजावे.

फुगलेले पोट म्हणजे बाळसे नव्हे

हातपाय काटकुळे, केस राठ आणि पोट नगाऱ्यासारखे असेल तर ती जंतांची खूण होय. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी दोन महिन्यांपर्यंत, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंतनाशक द्यावे. आईलाही सोबत द्यावे. औषध आणि मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यातून वजनानुसार घ्यावी. जंत असलेल्या पिल्लाला कितीही चांगले खाऊ घातले तरी ते तणाला खत घातल्यासारखे होते.

याच वेळी लसीकरणाचा विषय काढावा. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांच्या लसी आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, पुढे दरवर्षी, हा नेम चुकवू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही असेच समजावे.

काय घालू नये?

बुरशी धरलेले अन्न: आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा दमट असते. भिजलेले धान्य, पेंड, शिळी भाकरी यांना बुरशी येते. काही बुरशींत अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते यकृत निकामी करते. कुत्रा या विषाला फार नाजूक आहे. १९७४ साली पंचमहाल आणि बांसवाडा जिल्ह्यांतील आदिवासी खेड्यांत, मका काढणीच्या वेळी पाऊस झाल्याने कणसांना बुरशी लागली. तो मका खाऊन सुमारे चारशे माणसे काविळीने आजारी पडली आणि शंभरावर दगावली. त्याच घरांतील कुत्रीही तशाच लक्षणांनी मेली. "माणसाला चालत नाही, कुत्र्याला घालू" हा विचार म्हणूनच घातक आहे. बुरशीचे धान्य कोणाच्याच ताटलीत जाऊ नये.

कच्चे अवयव: बोकड कापल्यावर फुप्फुस, काळीज तसेच कुत्र्यापुढे टाकले जाते. त्यावर पाण्याने भरलेले फोड असतील तर ती एका फीतकृमीची अवस्था असते. कुत्र्याच्या आतड्यात हा कृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून अंगणात पडतात आणि मुलांच्या हाताला लागून पोटात जातात. माणसाच्या यकृतात, फुप्फुसात मग तसेच फोड धरतात. फोड असलेले अवयव खोल पुरावेत. इतर अवयव अर्धा तास उकळूनच द्यावेत.

शिजवलेली हाडे: कोंबडीचे शिजलेले हाड सुईसारखे फुटते आणि आतडे भोसकते.

कांदा, लसूण, चहा, चॉकलेट, द्राक्षे: कांदा-लसणामुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. कांद्याचे कालवण भातावर ओतून देण्याची सवय मोडावी. चहा-बिस्किटाने भूक मरते, पोषण होत नाही.

विषारी आमिषे: उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष लावले असेल तर पिल्लू बांधून ठेवावे आणि मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत. कीटकनाशकाचा डबा किंवा फवारणीची बादली पाण्यासाठी कधीही वापरू नये.

कोठे आणि केव्हा खाऊ घालावे?

हा प्रश्न आपल्या भागात महत्त्वाचा आहे, कारण येथे बिबट्याचा वावर आहे. घाटमाथ्यावरील अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या खाद्यातील सर्वांत मोठा हिस्सा, वजनाने सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा आढळला. २००९ मध्ये माळशेज घाटात गळ्यात पट्टा बांधून सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या आपल्याच डोंगररांगांतून, कसारा स्थानकाजवळून लोहमार्ग ओलांडून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला होता. हा त्यांचा नेहमीचा मुलूख आहे.

त्यामुळे संध्याकाळचे खाणे दिवस मावळण्यापूर्वी द्यावे. उरलेले उचलून ताटली धुऊन ठेवावी. अंगणात, उकिरड्यावर खरकटे पडले की मोकाट कुत्री जमतात आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो. सहा-सात महिन्यांपर्यंतचे पिल्लू रात्री घरात किंवा दाराच्या गोठ्यात ठेवावे. खळ्यावर अगर मळ्यात खुंटीला बांधलेले पिल्लू राखण करत नाही, ते आमिष ठरते. पूर्ण वाढ झाल्यावर, दहा-बारा महिन्यांनी, त्याला राखणीला न्यावे.

थोडक्यात

भात पोट भरतो. नाचणी, डाळ, जवळा, अंडे आणि टरफलाची पूड अंग बांधतात. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू तोडू नये. लहान हप्त्यांत खाऊ घालावे, दर आठवड्याला वजन करावे, जंतनाशक आणि लस वेळेवर द्यावी. बुरशीचे अन्न, कच्चे अवयव आणि शिजलेले हाड टाळावे. पाय वाकू लागल्याचे दिसताच घरगुती उपायात वेळ न घालवता पिल्लू जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. सुरुवातीच्या अवस्थेत आहार सुधारून हाड बरेचसे सावरता येते. राखणीचा कुत्रा दहा-बारा वर्षे साथ देतो. ती साथ कशी असेल, हे बहुतांशी पहिल्या सहा-आठ महिन्यांच्या ताटलीवर ठरते.